दुसरं कडवं

सकाळी साडेअकराला पेटीवाल्या काकूंचा फोन आला आणि त्यांनी हॅलोसुद्धा न म्हणता विचारलं, "अगं, ही वाट कुणी काढली? चालणारा माणूस चक्कर येऊन पडेल की." मी ऑफिसात माझ्या टेबलाशी होते. उजव्या हाताला चहा, डाव्या हाताला टोक काढलेल्या चार पेन्सिली आणि समोर अकरा नंबरचा तक्ता. आमच्या कार्यालयाने दोन वर्षांपूर्वी भजनांच्या नकाशाचं काम अंगावर घेतलं. भजनांमध्ये जी देवळं, कुंडं, घाट, झाडं येतात ती खरोखर कुठे आहेत ते शोधायचं, त्यांच्यावर टिंब द्यायचं, आणि एकाच भजनात अनेक ठिकाणं असली तर कडव्यांच्या क्रमाने टिंबं जोडून वाट काढायची. चौदा भजनं, चौदा तक्ते. हल्ली सगळं संगणकावर होतं, पण पहिली वाट मी हातानेच काढते. कागदावर पेन्सिल फिरताना जो बारीक आवाज येतो त्यासाठी मी ही नोकरी फुकटही केली असती, हे साहेबांना कळू दिलेलं नाही. अकरावा तक्ता बाबांच्या भजनाचा. बाबांनी रचलेलं नव्हे, ते कुणी रचलं कुणालाच ठाऊक नाही, पण आमच्या भजनी मंडळात ते बाबाच म्हणायचे. काकू तेव्हा त्यांच्या डाव्या हाताला पेटी घेऊन बसायच्या. आता त्या ब्याऐंशीच्या आहेत आणि दुसऱ्या गावी मुलाकडे असतात. मी त्यांना तक्त्याची प्रत पाठवली होती. तपासायला म्हणून. खरं सांगायचं तर कौतुक व्हावं म्हणून.

"काकू, कडव्यांच्या क्रमानेच काढली आहे," मी म्हटलं. "कसल्या क्रमाने? नावाडी शेवटच्या कडव्यात येतो. तुझे बाबा पुढे पुढे त्याला दुसऱ्यात घ्यायला लागले, ते आपले तेच. त्यांच्या गुरुजींकडे मी दहा वर्षं पेटी वाजवली आहे बाई. नावाडी शेवटी." "मग बाबा दुसऱ्यात का घ्यायचे?" "लहर," काकू म्हणाल्या. "इतका गळा असला की माणसाला कुणी काही विचारत नाही." मग त्यांनी आपले गुडघे, सुनेची बदली आणि चष्म्याचा नवा नंबर एवढं सगळं सांगितलं, मी हं हं करत राहिले, आणि फोन ठेवला तेव्हा चहावर साय धरली होती. मी तो तसाच प्यायले. सायीचा चहा मला एरवी अजिबात चालत नाही.

भजन असं आहे. एक माणूस देवाला शोधत निघतो. टेकडीवरच्या पुजाऱ्याला विचारतो, तो म्हणतो आत्ताच इथून गेला. कुंडावरची धोबीण म्हणते आत्ताच गेला, गुहेतला बैरागी म्हणतो आत्ताच गेला, वडाखालचा गुराखीही तेच. संगमावरचा नावाडी मात्र काही बोलत नाही, नुसता होडीकडे हात करतो, आणि देव होडीत बसलेला असतो. तिथे 'सापडला' हा शब्द येतो आणि बाबा त्याचा शेवटचा स्वर असा लांबवायचे की खोलीतला पंखासुद्धा गप्प झाल्यासारखा वाटायचा. पाची ठिकाणं मी स्वतः जाऊन शोधली. टेकडीपासून संगमापर्यंत ओढ्याच्या कडेने चौतीस किलोमीटर, पाची एका ओळीत. पण मी बाबांच्या ध्वनिफितीवरून क्रम घेतला, आणि त्यांच्या क्रमात नावाडी दुसरा. म्हणजे टेकडीवरून थेट संगमावर यायचं, देव सापडायचा, मग उलट पावली पंचवीस किलोमीटर वर कुंडाकडे जायचं, तिथून गुहा, तिथून वड, आणि गुराखी म्हणणार आत्ताच गेला. एकूण पंचाहत्तर किलोमीटर. कुठल्याही शहाण्या बाईला हे बघून शंका यायला हवी होती. मला शंका आली नाही, मला सिद्धांत सुचला. देव सापडल्यावरही ज्याचा शोध संपत नाही तो खरा भक्त, हा आमच्या परंपरेचा विशेष, अशी दोन पानी टीप मी लिहिली. साहेबांनी ती वाचून चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही इतकी वर्षं नुसत्या रेघा काय मारत बसलात?" पुढे त्यांनी ती टीप एका परिषदेत वाचूनही दाखवली. टाळ्या झाल्या म्हणे.

बरं, नियम मी पाळला होता. आमच्याकडे तीन तोंडांचा नियम आहे. तीन वेगवेगळ्या गाणाऱ्यांनी एकच गोष्ट सांगितल्याशिवाय शाई लावायची नाही. माझी तीन तोंडं म्हणजे बाबांची ध्वनिफीत आणि मंडळात अजून गाणारे दोघे. ते दोघे बाबांच्याच हाताखाली, त्यांच्या अखेरच्या वर्षांत तयार झालेले. काकूंचा फोन ठेवल्यावर मला जे लख्ख दिसलं ते हे, की तीन कसली, तोंड एकच होतं. नवीन लागलेल्या पोरींना मी हेच पहिल्या दिवशी दरडावून शिकवते. आणि तक्ते छपाईला जाणार होते दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला.

मी ध्वनिफीत पुन्हा लावली. कानात इअरफोनची बोंडं घालून, पाठ दाराकडे करून. ती बाबांच्या शेवटच्या चार वर्षांतली आहे, शिंप्याच्या दुकानावरच्या त्या लांबट खोलीत घेतलेली, त्यामुळे मधूनमधून खालच्या शिलाई मशिनचा आवाज येतो. पहिलं कडवं, पुजारी. दुसरं, नावाडी, आणि तो स्वर. तो ऐकताना अजून माझ्या मानेवर काटा येतो, एकोणीस वर्षं झाली त्यांना जाऊन, तरी. मग धोबिणीच्या कडव्याआधी ध्रुवपद दोनदा. बैराग्याच्या आधी दोनदा. गुराख्याच्या आधी तीनदा, आणि तिसऱ्यांदा मंडळीच म्हणतात, बाबांचा आवाज त्यात नाहीच. मी हे उतरवून घेताना समासात लिहिलं होतं, 'ध्रुवपदाची वाढती पुनरुक्ती, भक्तीची तीव्रता दर्शवते.' आता तीच जागा ऐकताना मला ध्रुवपदामागे, टाळांच्या मागे, दुसरंच ऐकू आलं. कुणीतरी तोंड बाजूला करून श्वास घेत होतं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा पुरेसा. गुराख्याचं कडवं बाबांनी जवळजवळ बोलूनच संपवलं होतं. मी मागे घेऊन पुन्हा ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि मग बोंडं काढून ठेवली, कारण मला रडू येईल असं वाटलं आणि ऑफिसात मी रडत नाही, लोक विचारपूस करायला येतात.

त्या चार वर्षांत भजनाहून परत येताना मी बाबांबरोबर असायचे, त्याआधी मंडळाकडे मी कधी फिरकलेच नव्हते. मी तिशीतली, नोकरीत रुळलेली, ऑफिस सुटलं की त्या बाजूने घरी यायचे आणि त्यांना घेऊन चालत निघायचे. आईला पोळ्या करायच्या असत म्हणून ती आधीच पुढे गेलेली असे. सरळ रस्ता होता, पंधरा मिनिटांचा, आणि आम्हाला पाऊण तास लागायचा, कारण बाबा दुकानं बघायचे. घड्याळाच्या दुकानापाशी थांबायचे, भांड्यांच्या दुकानापाशी थांबायचे, आणि नळांच्या दुकानापाशी तर इतके थांबायचे की मालक बाहेर येऊन काय हवंय म्हणून विचारायचा. "नाही, नुसतं बघतोय," बाबा म्हणायचे. मी चिडायचे. "बाबा, नळात काय बघण्यासारखं आहे?" ते हसायचे, हात वर करून 'थांब' असं खुणावायचे, आणि काही वेळाने म्हणायचे, "तो तिसरा नळ बघ, काय ऐटीत बसलाय." मी घरी येऊन आईला त्यांची नक्कल करून दाखवायचे. आई हसायची. ती माझ्या नकलेला हसत नव्हती, मला हसत होती, हे मला तेव्हा कुठून कळणार. मी खुणा वाचण्याचं काम करते, त्याबद्दल माझा पगार होतो, आणि रस्त्याच्या कडेला चार वर्षं एक माणूस दर शंभर पावलांवर खूण करत उभा होता ती मला वाचता आली नाही. मी त्याला म्हणायचे, चला ना बाबा, भूक लागली.

आता एवढं कळल्यावर करायचं काय. गप्प बसता आलं असतं. काकू काही परिषदेत उभ्या राहणार नव्हत्या. साहेबांचा सिद्धांत शाबूत राहिला असता, माझीही शान राहिली असती. आणि मुख्य म्हणजे ती वाकडी वाट राहिली असती. बाबांचं मागे काय उरलंय म्हणाल तर एक ध्वनिफीत, दोन सदरे आणि ही वाट. ते जसे चालायचे तशीच ती थांबत, मागे वळत जाते, हे आता मला माहीत होतं, आणि माहीत झाल्यावर ती मला जास्तच आवडायला लागली होती. माझ्या हातून ती पुसायची म्हणजे जिवावर आलं. पण नकाशा हा बघायला नसतो, चालायला असतो. आणि सगळ्यांत आधी चालणार होती आई. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, उजवा गुडघा कुरकुरणारा, आणि हिने मावशीला बरोबर घेऊन बेत ठरवलेला. नकाशा छापून आला की पाची ठिकाणं पायी करायची, रोज थोडं थोडं, मधे बसने परत यायचं. दोघींनी पांढरे कॅनव्हासचे बूट आणले होते. मावशी ते घालून घरात चालण्याचा सराव करते. आई भाजीवाल्यालाही सांगून चुकली होती, ह्यांची वाट छापून येतेय, सरकारी कागदावर. आमचं कार्यालय सरकारी नाही, पण आईला सांगून उपयोग नाही. एक्केचाळीस किलोमीटर जास्तीचे. माझ्या एका टिपेपायी माझी आई उन्हात एक्केचाळीस किलोमीटर फुकट चालणार होती, आणि वर देव हातचा घालवून गुराख्यापाशी येऊन बसणार होती.

वाट बदलायची तर दुरुस्तीची चिठ्ठी भरावी लागते. पिवळा कागद, चार रकाने: तक्ता क्रमांक, काय बदललं, कारण, सही. कारणाशिवाय साहेब सही करत नाहीत, आणि चिठ्ठी तक्त्याच्या फायलीत कायमची लागते, पुढे कुणी विचारलं तर दाखवायला. बहुतेक चिठ्ठ्यांवर एकच कारण असतं, 'नकाशा काढणाऱ्याची चूक.' शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांची तर आठवड्याला एक असते, ते चिठ्ठ्यांचं पुस्तकच खणात ठेवतात. मी त्यांना त्यावरून छळते. अठ्ठावीस वर्षांत माझ्या नावावर तशी एकही चिठ्ठी नाही. ह्याचा मला गर्व आहे का? आहे. भरपूर आहे. मी दोन पिवळ्या चिठ्ठ्या घेतल्या, एक खराब झाली तर दुसरी, पर्समध्ये टाकल्या, तक्ता गुंडाळून घेतला, साहेबांना सांगितलं की अकरा नंबर उद्या नऊला येऊन देते, आणि चार वाजताच घरी निघाले. साहेब म्हणाले, "बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "बरं वाटतंय." आणि गंमत म्हणजे ते खरं होतं. आईला कसं सांगायचं ह्याची भीती होती, पण बाबा पुन्हा कुठेतरी जवळपास आल्यासारखे वाटत होते, आणि कित्येक वर्षांत त्यांची इतकी नवी बातमी आली नव्हती.

आई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मटार सोलत बसली होती. आमचं घर दोघींचंच. टेबलाला खिडकीतून ऊन येतं, ते पाचपर्यंत तिच्या बाजूला असतं, म्हणून ती तोवर तिथून हलत नाही. "लवकर कशी?" ती म्हणाली. मी समोर बसले, चार शेंगा सोलल्या आणि सांगून टाकलं. काकूंचा फोन, क्रम, ध्वनिफीत, श्वास. सांगताना मी तिच्याकडे बघत नव्हते. शेंगेतले दाणे मोजत होते. सगळं सांगून झाल्यावर वर बघितलं तर ती सोलतच होती.

"दुसऱ्यात मीच घ्यायला लावलं," ती म्हणाली.

मी खुर्ची पुढे ओढली. ती म्हणाली, "डॉक्टरांनी सांगितलं होतं गाणं बंद करा. म्हणजे काय सांगितलं, ह्यांना खाणं बंद करा म्हणाले असते तरी चाललं असतं. मंडळात कळलं असतं तर दुसऱ्या कुणाला पुढे बसवलं असतं, प्रेमानेच बसवलं असतं, पण बसवलं असतं. मग इथेच, ह्याच टेबलाशी बसून आम्ही लावून बघितलं. पहिल्यात घेता येत नाही, गळा उघडलेला नसतो. तिसऱ्यात छाती रिकामी व्हायला लागते. दुसऱ्यात बरोबर भरलेली असते. मी चमच्याने ठेका धरायचे. पुढच्या कडव्यांना दम पुरला नाही तर ध्रुवपद वाढवायचं, हेही माझंच. बायकांच्या रांगेतून मी उचलून धरायचे ते, मग सगळ्या धरायच्या."

हे मी तुम्हाला सांगतेय. मंडळातल्या कुणाला सांगू नका.

"मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं. "तू त्यांना हाताला धरून आणलं असतंस," आई म्हणाली. "रिक्षा केली असतीस. तू चला चला म्हणायचीस ना, ते त्यांना फार आवडायचं. घरी येऊन सांगायचे, आज पुन्हा चिडली." मग मात्र मला रडू आलं, आणि घरात कुणी विचारपूस करायला येत नाही, त्यामुळे मी नीट रडून घेतलं. आई मटार सोलत राहिली. थोड्या वेळाने तिने माझ्यापुढचं सालांचं ताट आपल्याकडे ओढून घेतलं.

"आता मग तशीच ठेवते," मी म्हटलं. "तुमची दोघांची वाट आहे ती. तुम्ही गाडीने जा, मी चालवते."

"काही नको. सरळ कर."

"आई, बाबांची तेवढीच..."

"वाट कसली, दम होता तो," आई म्हणाली. "आणि आता कुठे लागतोय त्यांना दम." हातातली शेंग तिने तशीच खाली ठेवली. "चार वर्षं तो 'सापडला' मी दुसऱ्या कडव्यात ऐकला. लोक डोळे मिटून ऐकायचे. मी त्यांच्या छातीकडे बघत बसायचे, पुढची तीन कडवी पार पडतायत की नाही म्हणून. एकदाही निवांत ऐकला नाही. मला जायचंय तर अशा वाटेने जायचंय की तो शेवटी सापडेल. आणि तिथे पोचल्यावर पुढे काही नसेल. होडीशी जरा बसेन म्हणते."

मी टेबल पुसलं, गुंडाळून आणलेला तक्ता उलगडला, रबर घेतलं. आईने मटाराचं भांडं बाजूला केलं. नशीब, शाई लावायची राहिली होती; संगमापासून कुंडापर्यंतची उलटी रेघ पुसायला दोन मिनिटंही लागली नाहीत. मग टेकडी, कुंड, गुहा, वड, संगम अशी ओढ्याच्या कडेने एकच रेघ काढली. इतकी साधी रेघ मी बऱ्याच दिवसांत काढली नव्हती, आणि हाताला फार बरं वाटलं. आईने बोट फिरवून बघितली. "चौतीस ना? हे तर आम्ही दहा दिवसांत करू," ती म्हणाली, "मावशीला बारा." टीप मी काढून टाकणार, साहेबांचं तोंड उतरणार, परिषदेतल्या टाळ्या फुकट जाणार, हे सगळं मला दिसत होतं, आणि त्याचं फारसं काही वाटत नव्हतं.

मग पिवळी चिठ्ठी पुढे घेतली. तक्ता क्रमांक, अकरा. काय बदललं, वाटेचा क्रम. कारण ह्या रकान्यात मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहायला लागले, 'गायकाला धाप लागत असल्यामुळे,' एवढं लिहून होतंय तोच आईने माझा हात धरला.

"हे काय लिहितेस?"

"कारण."

"खोड ते."

"आई, खरं कारण तेच आहे. एकोणीस वर्षं झाली. आता कुणाला काय..."

"मंडळातली दोघं अजून गातात," आई म्हणाली. "उद्या कुणी तुझी ती फाईल उघडली, तर? चार वर्षं त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. मी लागू दिला नाही. आता तू लागू देणार?" तिचा आवाज चढला नव्हता, पण हात तिने सोडला नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या हातात इतकी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं.

"मग काय लिहू? काहीतरी लिहावंच लागतं."

"बाकीचे काय लिहितात?"

मी सांगितलं काय लिहितात. सांगायला नको होतं.

"मग तेच लिही," आई म्हणाली.

"आई, अठ्ठावीस वर्षांत माझ्या नावावर एकसुद्धा नाही."

"मग आता एक लागू दे."

मी तिच्याकडे बघितलं आणि मला हसायला यायला लागलं. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ उद्या पेढे वाटतील, चिठ्ठी फोटो काढून ठेवतील, निवृत्तीच्या भाषणात तिचा उल्लेख करतील. आई हसली नाही, ती वाट बघत होती. मी ती चिठ्ठी फाडली. पर्समधून दुसरी कोरी चिठ्ठी काढली, पहिले दोन रकाने पुन्हा भरले, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'नकाशा काढणारीची चूक.' खाली सही केली, पूर्ण नावाची.

आईने चष्मा लावून ते सावकाश वाचलं. "हे कायमचं राहणार ना फायलीत?" तिने विचारलं.

"कायमचं."

"छान झालं," ती म्हणाली, आणि मटार घेऊन उठली.